नायगावचा मोर आणि दस्तगीर साहेबांची वही

बीडच्या माळीवेशीत माझे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. चौदा वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका दुपारी महसूल खात्यातले गिर्दावर गुलाम दस्तगीर साहेब दुकानाची पायरी चढले. रुमालात कॅमेऱ्याचे उघडझापीचे यंत्र गुंडाळलेले होते. मी म्हणालो, "साहेब, मी घड्याळजी हाय. ह्ये आपलं काम न्हाई." साहेब म्हणाले, "आत चाकं हाईत, कमानी हाय. आणखी काय पायजे तुमाला?" यंत्र उघडले तर आत मेलेला मुंगळा निघाला. तो काढताच यंत्र चालू झाले. साहेबांनी त्याच रुमालाने माझे हात पुसले. सरकारी अंमलदाराने कारागिराचे हात पुसावेत, याचा मला धक्काच बसला.

त्या दिवसापासून मला या कलेचे वेड लागले. ती मला कोणी शिकवली नाही, हे मी आजवर छाती पुढे काढून सांगत आलो. टपालाने मागवलेले माहितीपुस्तक इंग्रजीत होते आणि इंग्रजी मला येत नाही. चित्रे पाहून आणि बाकीचे डोक्याने ताडून मी शिकलो. काचेवर चित्र किती मिनिटांत उमटते, बीडच्या कोणत्या विहिरीच्या पाण्याने डाग पडतात, हे मला तोंडपाठ आहे.

साहेबांची रीत निराळी. दौऱ्यावर जिथे जातील तिथे कॅमेरा बरोबर. चकलांब्याला एका शेळीने त्यांचे कॅमेऱ्यावर पांघरायचे काळे कापड अर्धे खाल्ले, तर तिच्या मालकिणीची समजूत साहेबच घालत बसले. एकदा एका बड्या पाहुण्यांनी हुकूम सोडला की लांडोरीचे घरटे सावलीतून उन्हात सरकवा, म्हणजे फोटो चांगला येईल. साहेबांनी कॅमेरा मिटला आणि शांतपणे सांगितले, "हुजूर, ऊन सरकेपर्यंत आपण चहा घेऊ." ऊन सरकायला तीन तास लागले. साहेब हटले नाहीत.

त्यांची एकच मोठी आस होती. पिसारा पूर्ण उघडून नाचणारा मोर, तोही रानातला, काचेवर घ्यायचा. अकरा वर्षांपूर्वी आषाढात त्यासाठी रजा काढून ते नायगावला गेले आणि पहिल्यांदाच मला बरोबर नेले. कडब्याच्या आडोशाला आम्ही नऊ सकाळी बसलो. काचांच्या चपट्या लाकडी डब्या सांभाळणे माझे काम. डबीच्या सरकत्या झाकणाला एक बाजू काळी, एक पांढरी. फोटो काढला की झाकण उलटून लावायचे; वापरलेली डबी कोणती आणि कोरी कोणती, हे त्यावरून ओळखायचे. नवव्या सकाळी मोर नाचला. साहेबांनी कळ दाबली, झाकण लावले आणि डबी माझ्या हाती दिली. मोराकडे बघतच ती मी पेटीत बाकीच्यांत ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. नंतर ते ओढ्यावर हातपाय धुवायला गेले.

तेवढ्यात गावचे पाटील आले. "घड्याळजी, आमचाबी येक काढा की." पेटीत पाहिले तर कोरी डबी एकच दिसली. बाकीच्या नऊ दिवसांत साहेबांनी वापरल्या असणार, असे मी धरले. पाटलांना उभे केले आणि फोटो काढला.

बीडला दुकानामागच्या खोलीत, दाराला गोधड्या लावून, मी काचा धुतल्या. पहिली स्वच्छ निघाली. दुसरीही. पाचच्या पाच काचांवर काही नाही. सहावीवर पाटील उमटले आणि त्यांच्या पागोट्यातून मोराचा पिसारा बाहेर पडलेला. ती ओली काच माझ्या हातून निसटली, साहेबांनी वरच्यावर झेलली. त्यांनी ती दिव्यासमोर धरून पाहिली. मग म्हणाले, "माझ्याच हातून गफलत झाली, शंकरराव. झाकणाची बाजू उलटी लावली."

मी ते खरे मानले. एवढेच नव्हे, त्यांना सावधपणावर दोन शब्द सुनावले. फोटो पोचता करायला गेलो तेव्हा पाटलांनी विचारले, "माझ्या पागोट्यात मोर कावून?" हा किस्सा मी अकरा वर्षे मैफलीत सांगितला. शेवटी नेहमी म्हणायचो, "गिर्दावर साहेबांचा विसरभोळेपणा." साहेब समोर बसून हसायचे.

साहेबांच्या साठीच्या या गौरवग्रंथासाठी तोच किस्सा लिहायचा होता. तिथी चुकू नये म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरून फोटोंच्या नोंदींची जुनी वही मागवली. वही उर्दूत आहे; उर्दू मला वाचता येते. नायगावच्या पानावर लिहिले होते: "शंकरराव पांढरी बाजू म्हणजे वापरलेली काच समजतात. सगळे याच्या उलट करतात. आज सांगितले तर ते पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाहीत. यापुढे मीही त्यांच्यासारखेच करीन."

मी ओळ तीनदा वाचली. काळी म्हणजे आत अजून अंधार, पांढरी म्हणजे उजेड लागलेली, असे मीच ताडले होते. पुढची पाने उलटली. "आज जुन्या सवयीने चुकलो, सौताड्याचा धबधबा गेला." "पुन्हा चुकलो, कपिलधार गेले." त्या प्रत्येक वेळी मी त्यांना टोकले होते, तेही मला आठवले. दुकान उघडे टाकून मी त्यांच्या घरी गेलो.

साहेब ओसरीवर होते. "अकरा वर्सं कावून सांगितलं न्हाई?" मी विचारले.

"पाच काचा कोऱ्या निघाल्या तवा तुमचे हात बघितलेत का तुमी?" साहेब म्हणाले. "म्हटलं, मोर परत येईल. घड्याळजी न्हाई यायचा."

"आला का मोर?"

"न्हाई. नाचताना न्हाई गावला पुन्हा." आता त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. "तुमी आलात की दर आईतवारी."

मी म्हणालो, उद्यापासून मी सरळ रीत शिकतो.

"आता नका. लई मुश्किलीनं हाताला वळण लागलंय माझ्या," साहेब म्हणाले. "परत उलटं केलंत तर मीच चुकीन."

म्हणून हा लेख मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. ज्या ज्या मैफलीत तो किस्सा सांगितला, तिथल्या सर्वांनी हा कबुलीजबाब वाचावा. नायगावची चूक माझी होती, साहेबांची नव्हे.

दस्तगीर साहेबांची प्रकृती ठणठणीत राहो, डाव्या डोळ्याची नजर शाबूत राहो आणि त्यांनी शंभरी पार करावी, अशी मी सर्व मित्रांच्या वतीने परमेश्वराजवळ प्रार्थना करतो. यात माझा स्वार्थही आहे. काळी बाजू वर असलेली डबी कोरी मानणारी या मुलखात दोनच माणसे आहेत. त्यांतल्या एकाला दुसरी रीत येत नाही, म्हणून दुसऱ्याची सोबत फार वर्षे हवी आहे.