गाय मेली त्यानंतरचा शुक्रवार

आठ दिवसांपूर्वी माझ्या लेकीच्या हातून तिचा तान्हा भाऊ निसटला. कपाळाला टेंगूळ आले, तेवढ्यावर निभावले. पण तेव्हापासून मी तिला बाळाला हात लावू दिलेला नाही. ती हात मांडीत घेऊन लांब बसून असते. इथे हैदराबादेत विचारावे असे वडीलधारे कोणी नाही. मग बा आठवतो.

आमचे गाव वडवणीच्या अंगाला. शाळा उर्दूतली, म्हणून सुट्टी शुक्रवारी, आणि त्या दिवशी गाय अन् कालवड चारायला माझ्याकडे. त्या साली पावसाने मधेच ओढ दिली. माळावर काडी नव्हती, गायीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत. मला कळवळा आला आणि मी तिला आमच्याच वावरातल्या, सुकायला लागलेल्या कोवळ्या ज्वारीत सोडले. पाण्यावाचून तहानलेली कोवळी ज्वारी जनावराला विष असते, हे मला ठाऊक नव्हते. कालवड लांब बांधलेली, म्हणून वाचली. गाय थरथरली, पडली, बा पळत येईस्तोवर संपली.

मी बांधाआड दडलो. शेजारचा म्हातारा ओरडत होता, "शाळा शिकतंय म्हणं! हाण बे त्याला, दोन कानाखाली!"

बा म्हणाला, "तात्या, उपाशी जनावर त्याला बघवलं न्हाई. त्यात हाणायचं काय? मीच सांगायला पायजे होतं, न्हाई सांगितलं."

मग हाताला धरून मला वावरात नेले आणि कोणती ज्वारी चारायची नाही, ते पाने दाखवून सांगितले. सांगताना तोंड फिरवून डोळे पुसत होता. ती गाय त्याने लहानाची मोठी केलेली.

पुढच्या शुक्रवारी त्याने कालवडीचे दावे माझ्या हातात दिले. माय चिडली, "आवं, परत त्याच्याच हाती? लई शहाणे तुमी!"

"आज न्हाई दिलं, तर त्यो जल्मभर भिऊनच ऱ्हाईल."

चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुस्तकातले फारसे उरले नाही. हे उरले, आणि बाचे उपकार फिटायचे नाहीत.

आज सकाळी लेकीला जवळ बोलावले. "मान कशी धरायची, ते मीच तुला दाखवलं नव्हतं," म्हणालो आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवले.

"खरंच घेऊ?"

"घे."

माझा हात मात्र तिच्या हाताखालून लवकर निघेना.