पाव्हण्यांचं पाणी

पाणी तपासायला आणणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारतो, “हे पाणी घरात कोण पितं?” लोक बुचकळ्यात पडतात. कोल्हापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेच्या छापील अर्जावर हा प्रश्न नाही. तो माझा आहे, आणि फार उशिरा सुचलेला आहे.

माझी धाकटी बहीण कबनूरला दिली आहे. दाजी यंत्रमागावर. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम चालायचं. भाची सहा वर्षांची. तिचं पोट सारखं दुखायचं, चेहरा पांढराफटक, काल येणारी बाराखडी आज येईना. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी बॅटऱ्यांतलं शिसं पाण्यात उतरलं असेल अशी शंका येऊन मीच एक स्वच्छ बाटली पाठवली आणि म्हटलं, घरातलं पाणी भरून दे.

बहीण एसटीने स्वतः बाटली घेऊन आली. धातू बाटलीला चिकटून राहू नये म्हणून मी आम्लाचे थेंब टाकले आणि नमुना यंत्राला लावला. शिसं नाहीच. क्षारसुद्धा अगदी किरकोळ. तिच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. उभा जन्म असले आकडे वाचण्यात गेलेल्या माणसाला तिथेच शंका यायला हवी होती. मला उलट आनंद झाला. गाढव होतो मी.

“पाणी एक नंबर हाय,” मी तिला सांगितलं. “पोट साफ होत नसंल तर चांगलं तांब्याभर पाज रोज.”

तिने पाजलं. थोरल्या भावाचा शब्द म्हणून न चुकता पाजलं.

चार महिन्यांनी पोरीला झटके आले. रुग्णालयात रक्तात शिसं निघालं. डॉक्टर पाण्याबद्दल विचारू लागले तसा मी त्यांच्याशी भांडलो, माझ्या सहीचा अहवाल त्यांच्या टेबलावर आपटला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली घेऊन कबनूरला गेलो आणि सरळ बोअरच्या नळाखाली धरली. बहीण आतून धावत आली.

“दादा, त्यातलं नगं. जारमधलं घे की.”

“कसला जार?”

“पावण्यांचा. इकत आणतो न्हवं आमी. तू आलास की त्यातलंच देतो तुला. त्या टायमालाबी त्यातलंच भरलतं.”

“का गं?”

“असलं मचूळ पाणी तुझ्या हापिसात कसं द्यायचं? तुझी मानसं काय म्हनली असती?”

मी नळाखालीच बसून राहिलो. इतकी वर्षं त्या घरी येत होतो, आणि माझी भाची पीत होती ते पाणी एकदाही माझ्या तोंडी लागलं नव्हतं.

त्या बाटलीत इतकं शिसं निघालं, की यंत्राला झेपेना. नमुन्यात शुद्ध पाणी मिसळून तो पुन्हा लावावा लागला. बहिणीला सांगितलं तेव्हा ती “म्हंजे मीच…” एवढंच म्हणाली आणि कपाळ बडवू लागली. मी तिचे हात धरले. “तू न्हाय. इचारायचं माझं काम हुतं,” म्हणालो. तिला ऐकू जात नव्हतं. मग मलाच रडू आवरेना.

बोअर बंद केला. शेड हलली. भाचीला औषध चालू आहे. शिसं हळूहळू उतरेल, पण डोक्यातून जे गेलं ते परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांना पुन्हा पुन्हा तेच विचारतो, ते पुन्हा पुन्हा तेच सांगतात.

परवा गेलो होतो. आता घरात सगळ्यांना जारचंच पाणी. बहिणीने ग्लास भरून लेकीच्या हातात दिला.

“पी बाळा. तुझंच हाय.”

पोरीने ग्लास दोन्ही हातांनी धरला, सांडू न देता माझ्यापर्यंत आणला आणि माझ्यापुढे केला.

“मामाचं हाय हे,” ती म्हणाली.