एका लॉर्डसाहेबांनी माझी आंब्याची पेटी कडू केली

फुजैराला गेलो तो लेकीच्या हट्टाखातर. झोया कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीत आहे. जहाजवाल्यांच्या जेवणाला स्कॉटलंडचे एक लॉर्ड स्वतःची जीवनकथा सांगणार होते. "अब्बा, यू मस्ट कम. ही इज सो फनी!"

बसने गेलात तर पंचवीस दिरहॅम, म्हणजे सहाशेच्या आसपास रुपये. मी गाडी काढली. दुबईतलं आमचं करामा सुटलं की वाळू, मग बोडके तपकिरी डोंगर. वाटेत मसाफीच्या बाजारात दाट दुधाचा, वेलदोड्याचा करक चहा घ्याच.

तिथेच गावाहून धाकट्या भावाचा, इक्बालचा फोन. "भाईजान, हसनचाचांचं घर कधी पाडायचं? तुमच्या नव्या बंगल्याचा पाया तिथेच येतो."

हसनचाचा रत्नागिरीकडे माझी कलमं राखतात. त्यांच्या बापापासून ते त्याच जागेत. दर मोसमात हापूसची पहिली पेटी मला दुबईला येते, आणि मी चार माणसं बोलावून ती मिरवत उघडतो.

"गोडीने सांग," मी म्हणालो. "रस्त्यापलीकडे खोली देऊ म्हणावं. यल्ला, ठेवतो."

हॉटेलात समुद्राकडे पाठ करून लॉर्डसाहेब उभे. तरुणपणी निवडणूक लढवली, तर स्वतःच्याच जमिनीवरच्या कुळांनी पाडलं. "मग वडील वारले, त्यांचं लॉर्डपद मला मिळालं, आणि मी वरच्या सभागृहात जाऊन बसलो. मत कोणाला मागायचं होतं?" हॉल हसला. पुढे काय केलं? कुळांना जमीन विकत घेता यावी असा कायदा आला, तो अडवायला जन्मभर भाषणं केली, आणि दरम्यान कुळांची घरंही रिकामी करून घेतली. पुन्हा हशा!

माझं डोकं फिरलं. माझे आजोबा खोताच्या अंगणात चपला काखेत मारून उभे राहायचे. पहिला आंबा उतरला की आधी खोताच्या घरी. प्रेमाने नाही हो, भीतीने! मी उठलो. "साहेब, ज्यांची घरं तुम्ही रिकामी केलीत, त्यांचं काय?"

"अगदी सौजन्याने सांगितलं आम्ही," ते हसून म्हणाले. "टेकडीपलीकडे दुसरी घरंही दिली."

टाळ्या. मी खाली बसलो.

पार्किंगमध्ये झोया चिडली. "व्हाय सो अँग्री, अब्बा? ही वॉज नाइस अबाउट इट."

"सकाळी मीही नाइसच होतो, बेटा."

बंदराजवळ सुरमई फर्मास तळतात. तुम्ही खा, मी गाडी थांबवलीच नाही. परतीचे सगळे डोंगर लॉर्डला शिव्या घालत पार केले. करामा येईपर्यंत त्यातल्या निम्म्या माझ्याच नावावर जमा झाल्या होत्या. घरी पोहोचून बूटही न काढता इक्बालला फोन लावला.

"घर पाडायचं नाही. ती जागा चाचांच्या नावावर कर."

"आणि बंगला?"

"विहिरीकडे सरकव. नाही मावला तर खलास, नको बंगला."

इक्बाल म्हणाला, "चाचांना मी दुपारीच सांगितलं. मघाशी ते येऊन गेले. घराचं एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, यंदा पहिली पेटी लवकर पाठवतो, साहेबांना सांग."

साहेब! मला!

"पाठवू नका म्हणावं," मी ओरडलो. "मे महिन्यात येतो. त्यांच्या दारात उभा राहून विकत घेईन. तेही त्यांना विकायची असली तर."