नाहूरचे मामा आणि प्लायवूडची तोफ

आमच्या मामांइतका सावध माणूस मुंबईच्या उपनगरांत दुसरा नसेल. असलाच, तर तो भीतीपायी घराबाहेर पडत नसेल. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, राहणार नाहूर. कुठलीही वस्तू सुरू करताना तिच्या मागे कोण उभं आहे हे बघितल्याशिवाय त्यांचा हात बटणाकडे जात नाही. मिक्सर लावायचा असला तरी आधी "मागून बाजूला व्हा!" अशी आरोळी येते. मिक्सरच्या मागे भिंत असते, हे त्यांना सांगून उपयोग नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले, तेव्हा त्यांनी माझी खुर्ची चांगली हातभर पुढे ढकलली आणि म्हणाले, "सूनबाई, पाठीमागे नेहमी जागा सोडावी. धक्का मागूनच बसतो." मला वाटलं, सासरच्या माणसांबद्दल काही सुचवताहेत.

त्यांच्या घरात कुठलीही गोष्ट एकटीदुकटी चालत नाही, तिला दुसऱ्या कुणाची तरी परवानगी लागते. स्वयंपाकघराची खिडकी उघडल्याशिवाय गॅसचं बटण फिरत नाही, कारण मधे मामांनी बसवलेली पट्टी आणि स्प्रिंग आहे. त्यामुळे ऐन जुलैत मामी ओट्याशी अर्धी भिजत भाकऱ्या थापते आणि तोंडाने मामांचा उद्धार करते. शेजारच्या काकूंच्या न्हाणीघराची कडी त्यांनी एकदा दुरुस्त करून दिली. ती इतकी सुरक्षित झाली की काकूंचे यजमान सकाळभर आतच राहिले. सगळी बिल्डिंग दाराशी जमली, पण मामा शांत. "पडले नाहीत, लागलं नाही, आत पाणी आहे. मग तक्रार कसली?"

ही खोड नोकरीतली. मामा संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करत. मोठ्या तोफेत मागून गोळा भरतात, दार लावतात, दोरी ओढली की आतला खटका सुटतो आणि तोफ उडते. तो खटका आणि ते दार म्हणजे मामांचं खातं. पण घरी त्यातला चकार शब्दही बोलायचा नाही, अशी सक्त ताकीद. लग्न ठरताना मामीला एवढंच सांगितलं गेलं की मुलगा खटके बनवतो, आणि मामीने सगळीकडे सांगितलं, आमचे हे कुलपांच्या कारखान्यात आहेत. मामांनी ते कधी खोडून काढलं नाही. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांची ती जुनी तोफही भंगारात निघाली, तेव्हा कुठे एकदा मला हळूच म्हणाले, "हिला एकदा ती तोफ दाखवायला हवी होती गं. उभा जन्म गेला, आणि मी काय करत होतो ते हिला ठाऊकच नाही." त्यांचा आवाज असा ओला झालेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

मी सिनेमाच्या सेटवर कला विभागात आहे. गोरेगावच्या स्टुडिओत एका युद्धपटासाठी आम्ही तोफ बनवत होतो. आत लाकूड, वर प्लायवूड, त्यावर लोखंडी रंग. दिसायला बरोबर दिसावी म्हणून मी मामांना सल्ल्यापुरतं बोलावलं. मामा आले ते ठाणच मांडून बसले. दार नीट मिटून अडसर बसल्याशिवाय खटका सुटता कामा नये, असा खराखुरा बंदोबस्त त्यांनी मिस्त्रीकडून करून घेतला आणि धुराचं बटणही त्या खटक्यालाच जोडायला लावलं. मिस्त्री वैतागला. "अंकल, नकली है ये." मामा म्हणाले, "तोफ नकली आहे रे. तिच्याजवळ उभा राहणारा माणूस नकली आहे का?"

शूटिंग मढच्या समुद्रकिनाऱ्यावर होतं. मी मामा-मामी दोघांनाही नेलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि मामीला सारखे सांगत होते, "तू फक्त बघत राहा." हीरोने दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. तोफ ढिम्म. डायरेक्टर ओरडला, "क्या यार! पूर्ण शॉटची वाट लावली!" माझी नोकरी समुद्रात बुडताना मला स्पष्ट दिसत होती. आणि मामा? मामा चक्क टाळ्या पिटत तोफेकडे धावले. "नाही उडली! बघितलंस? नाही उडली!"

खाऱ्या हवेने लाकूड फुगलं होतं. दार मिटलेलं वाटत होतं, पण कडेला दोऱ्याएवढी फट होती. मामांनी मामीला हाताला धरून आणलं आणि तिचं बोट त्या फटीवर टेकवलं. "खरी असती आणि अशी उडाली असती, तर आग मागे आली असती. हा पोरगा राहिला नसता. मी हे करायचो. कुलपं नाही गं."

मामीने त्या फटीवरून बोट फिरवलं. मग तिच्या मालवणीत म्हणाली, "कुलपा नाय ता माका कधीच कळला होता. तुमच्या हापिसातल्या बायलांनी सांगितलेला. पण तुमच्या हातान कोणाची घरा जातत काय, ह्या इचारूक मी भियत होतंय."

मामांचा चेहरा उतरला. "उडायची तेव्हा उडायचीच ती. ते तुला खोटं नाही सांगणार. पण आपल्या पोरांच्या अंगावर कधी उलटली नाही. माझं काम तेवढंच होतं."

"मगे तेवढा तरी सांगूचा मा," मामी म्हणाली, आणि त्यांच्या बोटांना लागलेला भुसा पदराने पुसू लागली.

मिस्त्रीने दार तासून दिलं आणि पुढच्या वेळी तोफ झकास उडाली. धूर, आवाज, सगळा सेट खूश. मामा कानांवर हात ठेवून, डोळे मिटून उभे होते. मामी तोफेकडे बघतच नव्हती. ती मामांकडे बघत होती.

परतताना आम्ही खाडीपलीकडच्या वर्सोव्याची बोट धरली. दोघं कठड्याला टेकून बसली होती. मामी म्हणाली, "आता पयल्या दिवसापासून सांगा," आणि मामा सांगू लागले: कारखान्याचं फाटक, पहिला साहेब, पहिलं चुकलेलं ड्रॉइंग. त्यांचं ऐकू नये म्हणून मी समुद्राकडे तोंड करून बसले. त्या दोघांच्या वयाकडे बघता ही गोष्ट फार उशिरा सुरू झाली होती, आणि वर्सोवा तर लगेच आलं.