यूनुसची बॅटरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि यूनुसला तर नाहीच नाही. आज सांगतेय म्हणून लगेच रुमाल काढू नका. मी रडणार नाहीये, आणि तुम्हीही माझी समजूत काढायची नाही. ऐका, एवढंच.

आधी माझ्या छंदाबद्दल. त्याची मला कधीच लाज वाटली नाही. अकरावीत होते, वडिलांचं बंद घड्याळ घेऊन नांदेडच्या इतवाऱ्यात एका दुरुस्तीच्या दुकानात गेले, तर पडद्यामागून टिटी-टा, टिटी-टा चाललेलं. दुकानदाराचा मुलगा यूनुस — माझ्याहून थोडा मोठा — आत वायरलेसवर बसला होता. हौशी रेडिओ, हॅम म्हणतात त्याला. त्यानं मला मोर्स, म्हणजे ती टिटी-टाची लिपी, शिकवली. मी परीक्षा दिली, लायसन्स काढलं, गच्चीवर तार बांधली. शेजारच्या काकूंनी त्या तारेवर गोधड्या वाळत घातल्या आणि पोरगी वाया गेली असं गल्लीभर सांगितलं. गेले तर गेले! माझ्या खोलीत अख्खं जग टिटी-टा करत यायचं. काकूंकडे काय यायचं?

तर मोर्समध्ये माणसाचा आवाज नसतो, तरी माणूस ओळखू येतो. कोण कसं दाबतो, कुठं रेंगाळतो — त्याला आम्ही ‘हात’ म्हणतो. यूनुसचा हात शेवटच्या अक्षरावर जरासा लांबायचा. हजारात ओळखला असता मी. हे लक्षात ठेवा.

पुढं मी लातूरला आले, खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले. तेव्हा क्लास म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. रविवारी सकाळी आम्ही सगळे हॅम हवेत, म्हणजे वायरलेसवर, एकत्र जमायचो — पुणे, हैदराबाद, नांदेड. बाई मी एकटीच. अशाच एका रविवारी यूनुसनं सगळ्यांदेखत पाठवलं — शैलाचा हात लंगडतो, लातूरला जाऊन बिघडला. मोर्समध्ये हसण्याचीही खूण असते. ती एकामागून एक आली, प्रत्येक गावाहून. मी यंत्र बंद केलं. त्यानंतर कितीतरी महिने यूनुसनं हाक मारली तरी मी उत्तर दिलं नाही.

क्षुल्लक वाटतं ना? वाटू दे. मला वाटलं नव्हतं. आणि माझा हात लंगडत नव्हता, हे मी आजही म्हणते.

मग भूकंप झाला. आम्ही लातूरकर रस्त्यावर येऊन बसलो, आणि उजाडल्यावर कळलं की किल्लारीकडची गावंच्या गावं बसली. फोन मुके. एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात मी माझं यंत्र मांडलं. कुणी कधी बोलायचं हे ठरवायचं काम माझ्याकडं आलं. आमच्यात एक शिस्त आहे — ते काम ज्याच्याकडं, त्यानं ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं. वाद नाही, प्रश्न नाही.

व्हरांड्यात सकाळपासून नामदेव नावाचा एक हमाल उभा होता. मोंढ्यात पोती उचलायचा. बायको आणि लहानगी पोर तिकडं गावी. दर थोड्या वेळानं यायचा. “बाई, आमच्या गावचं काय आलं का वो?” नाही, म्हणायचे मी. पुन्हा जाऊन खांबाला टेकायचा.

दुपारी हाक आली. बारीक होती — पण स्वच्छ. पहिल्या अक्षराला ओळखलं. यूनुस. कुणाच्या तरी जीपमधून नांदेडहून थेट त्या पडलेल्या गावांत पोचला होता, छोटं यंत्र घेऊन. लांबच्यांना तो ऐकू जाणं शक्य नव्हतं. जवळची मीच.

आणि मी काय पाठवलं? नीट ऐकू येत नाही. थांबा.

त्यानं पुन्हा हाक मारली. मी पुन्हा तेच पाठवलं, आणि पुण्याचे निरोप घ्यायला लागले. हेडफोन माझ्या कानाला. माझ्या कानात काय येतंय ते दुसऱ्या कुणाला कळणार होतं? मनात काय आलं तेही सांगते, जसंच्या तसं — आता लंगडू दे तुझा हात. तो हाका मारत राहिला. संध्याकाळकडं हाका बंद झाल्या.

झोप नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं, निरोप काय आहे ते ठाऊक नव्हतं — सगळं खरं. पण अशा गावातून कुणी ख्यालीखुशाली विचारायला हाक मारत नाही, हे मला कळत होतं की नाही? कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी जोडून तो परत हवेत आला. या वेळी मी घेतला निरोप, कालचाच. लातूरच्या नामदेव हमालासाठी — बायको गेली, पोर जिवंत, सोलापूरच्या दवाखान्यात हलवली. मी मान वर केली. खांबापाशी कुणी नव्हतं. नामदेव रात्रीच गावाकडं निघून गेला होता. यूनुस तोवर पुढच्या गावी गेला होता, आणि नामदेवच्या गावात पोरीचं सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तिथं तो ढिगारा हातांनी उपसत होता — बायकोसाठी, आणि पोरीसाठीही. त्याला शोधून सांगेपर्यंत आणखी एक दिवस गेला.

निरोप संपल्यावर यूनुसनं पाठवलं — माफ कर शैला, काल माझी बॅटरी उतरली.

मी पाठवलं — ठीक आहे.

पहिलं खोटं रागाचं होतं. हे दुसरं मी शुद्धीत, विचार करून बोलले.

पुढं लातूरचं काय झालं ते तुम्ही जाणताच. क्लासच क्लास, होस्टेलंच होस्टेलं. आमच्या पत्र्यांच्या जागी तीन मजले चढले. एका जूनमध्ये नामदेव पोरीला घेऊन ॲडमिशनला आला. मला ओळखलं त्यानं. “बाई, त्या मशिनवर तुमीच हुता न्हवं? तुमच्यामुळंच घावली ही.” आणि वाकला. मी पाय मागं घेतले नाहीत.

पोर हुशार होती, पण वर्गात एक प्रश्न म्हणून विचारायची नाही. एकदा मी सगळ्यांसमोर झापलं — तोंड शिवलंय का तुझं? तास संपल्यावर ती आली. खाली बघत म्हणाली, “दवाखान्यात लई इचारलं, मॅडम. बाप कुठं हाय, बाप कुठं हाय. कुणालाच ठाव न्हवतं. मंग इचारायचंच सोडलं.”

मी तिला जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तास घेतला, नेहमीसारखा.

यूनुस आता म्हातारा झालाय. नांदेडात नव्या मुलांना वायरलेस शिकवतो. पहिला धडा काय देतो? बॅटरी. भूकंपात माझी बॅटरी उतरली, एका लेकराचा निरोप दिवसभर अडकला — असं म्हणतो. लग्नाला गेला तरी स्कूटरवर दोन बॅटऱ्या बांधून जातो. लोक हसतात. मी इतकी वर्षं हसू दिलं. आणि दर रविवारी तो हवेत आला की आधी मला विचारतो — ऐकू येतंय ना गं नीट?

या रविवारी त्यानं विचारायच्या आधी मीच मोर्सची कळ दाबणार आहे. पुणे, हैदराबाद, नांदेड — तेव्हा हसलेले जेवढे उरलेत, त्या सगळ्यांदेखत. माफी मागणार नाही. ती द्यायचं ओझं त्याच्यावर कशाला? त्यानंतर त्यानं मला उत्तर दिलं नाही, तर नाही.

यूनुस, तुझी बॅटरी उतरली ती संध्याकाळी. दुपारी ती चांगली होती, आणि मला अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं.