सात संकल्प आणि एक स्कूटर

मंडळी, आज जरा फुशारकी मारणार आहे, ऐकून घ्या.

जानेवारीत मी वहीत सात संकल्प लिहिले होते. पोहणं, गाण्याचा क्लास, आठवड्यातून दोनदा आईकडे जाणं वगैरे. मार्च उजाडला तरी एकही पार पडला नव्हता. मग चिडून प्रत्येकापुढे कारण लिहिलं, तर सातही ठिकाणी एकच निघालं: "सोडायला कोणी नाही."

पुण्यात राहून एक्कावन्नाव्या वर्षी मला स्कूटर येत नव्हती! सगळे संकल्प खोडले आणि एकच नवा लिहिला: स्कूटर शिकायची.

आमचे अहो म्हणाले, "रिक्षावाल्यांच्या पोटावर कशाला पाय देतेस?" खडकीच्या आमच्या क्वार्टर्समागच्या मैदानात दोनदा पडले, एकदा कुंपणात घुसले, पण शिकले. लायसन्सही काढलं.

आज सकाळी पहिल्यांदा एकटी मंडईत गेले. पार्किंगसुद्धा मिळालं! तिथून सदाशिव पेठेत आईला भाजी द्यायला गेले. तिने दारातच विचारलं, "कोणी सोडलं गं?"

म्हटलं, "मीच."

घरी आले तर अहो हेल्मेट घालून फाटकात उभे. त्यांची गाडी चालूच होत नव्हती. "स्टेशनपर्यंत सोडतेस?" एवढंच म्हणाले.

सोडलं. वाटभर त्यांनी मागची दांडी घट्ट धरली होती, गेली सव्वीस वर्षं मी धरायचे तशीच.

तुमच्या अडलेल्या कामांपुढे कुठलं कारण पुन्हापुन्हा येतंय? लिहा खाली. सगळं वाचते, फक्त आधी अहोंना आणायला जायचंय.