अडचणी : निरंक

सरकारी कागदावर रकाना रिकामा सोडायचा नसतो. नोकरीला लागले त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या बाईंनी मला हे शिकवलं. लिहिण्यासारखं काही नसलं की 'निरंक' लिहायचं, खाली सही ठोकायची आणि कागद पुढे ढकलायचा. तक्रारी निरंक, अपघात निरंक, साथीचे रोग निरंक. वीस वर्षांत मी हा शब्द किती वेळा लिहिलाय, देव जाणे. त्यातला एकच मला विसरता येत नाही, आणि गंमत म्हणजे तो मी लिहिलेलाही नाही. मी सांगितला आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिला.

तेव्हा मी पेणकरपाड्याजवळच्या पालिकेच्या शाळेत होते. खोल्या कमी, मुलं बख्खळ, म्हणून शाळा दोन पाळ्यांत भरायची. सकाळी सात ते सव्वाबारा वरचे वर्ग, साडेबारापासून खालचे. मला सातवीचा वर्ग होता आणि मुख्याध्यापक निवृत्त झाल्यापासून ऑफिसचा चार्जही माझ्याच गळ्यात पडला होता. म्हणजे मी दोन्ही पाळ्यांना हजर. पहाटे पाचला उठून भाईंदरच्या केबिन रोडमागच्या आमच्या घरून निघायचं, ते संध्याकाळी सहाला परत. माझी लेक तेव्हा पहिलीत होती. सकाळी तिला नवरा तयार करायचा, आणि ती एकच्या व्हॅनने घरी आली की मी येईपर्यंत मावशी सांभाळायची.

मावशी म्हणजे आमची कामवाली, माहेरची राई गावची, दिलेली पेणकरपाड्यात. नवरा टेम्पोवर, चार-चार दिवस बाहेर. तिच्या दोन मुली. थोरली माझ्याच वर्गात सातवीत, धाकटी तीन वर्षांची. या घराचा सगळा डोलारा आमच्या शाळेच्या फाटकावर उभा होता, हे मला रोज दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच स्वतःचा राग येतो. सव्वाबाराला घंटा झाली की मावशी धाकटीला कडेवर घेऊन फाटकात उभी असायची. थोरली बाहेर यायची. मावशी धाकटीला तिच्या कडेवर द्यायची, काळ्या दोऱ्यात ओवलेली खोलीची किल्ली तिच्या गळ्यात घालायची, आणि धावत रिक्षा पकडून भाईंदरला, माझ्या घरी, माझ्या लेकीकडे.

"चावी सांभाल गो. आन् हिला वरन देस, नुसता भात न्हाय." रोज हेच वाक्य, रोज तोच सूर.

थोरली हुशार होती. वर्गात पहिली वगैरे नव्हे, गणितात तर बऱ्यापैकी कच्ची. पण तिला कामाची जाण होती आणि अक्षर असं, की छापलंय की काय वाटावं. उभं, ठाम, कुठे खाडाखोड नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून आई यायला उशीर झाला की मी तिला ऑफिसात बसवायचे आणि कागदांची स्वच्छ प्रत तिच्याकडून काढून घ्यायचे. चुकीचं होतं का? असेल. पण तिला ते फार आवडायचं. 'निरंक' हा शब्द तिने माझ्याच टेबलावर शिकला. पहिल्यांदा विचारलंन, "म्हणजे काय बाई?" मी म्हटलं, "म्हणजे काही नाही. पण रिकामं ठेवायचं नसतं, म्हणून लिहायचं." तिला हसू आलं होतं.

मग शाळेचा वरचा मजला बांधून झाला. खोल्या मिळाल्या, आणि पालिकेच्या ऑफिसातून सांगणं आलं की दोन पाळ्या बंद करून शाळा एकाच वेळी भरवण्याचा प्रस्ताव द्या. साडेदहा ते पाच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मुलांना पूर्ण दिवसाची शाळा, ग्राउंड, वाचनाचा तास. हे सगळं मी सभेत तावातावाने सांगितलंही, आणि ते खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्याखाली दुसरं काहीतरी होतं. साडेदहाची शाळा म्हणजे सकाळी लेकीची वेणी मी घालणार होते. दोन वर्षं तिची वेणी तिच्या बापाने घातली होती, आणि ती दिसायचीही तशीच.

पालकसभा दुपारी चारला ठेवली. सात बाया आल्या. "बाई म्हणतात ते बरोबरच असेल," म्हणून सह्या करून गेल्या. मावशी आली नाही. ती कशी येणार? चार वाजता ती माझ्या घरी माझ्या लेकीला दूध देत होती. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही, इतकी मी मूर्ख.

दुसऱ्या दिवशी प्रस्तावाची प्रत काढायला थोरलीला बसवलं. मी सांगत होते, ती लिहीत होती. पटसंख्या, वर्गखोल्या, पिण्याच्या पाण्याची सोय. शेवटचा रकाना होता, 'वेळ बदलल्यास पालकांच्या अडचणी'. खिडकीबाहेर पोरं नळाशी पाणी उडवत होती, मी त्यांच्यावर ओरडत होते. ओरडता ओरडताच म्हटलं, "निरंक."

तिने पेन वर धरलं. "बाई, कायच अडचण नाही लिहायची?"

"कसली अडचण? सगळ्यांच्या सह्या आहेत. लिही."

ती क्षणभर फाटकाकडे बघत होती. मला वाटलं, आई आली का बघतेय. मग तिने लिहिलं, कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला. मी खाली सही केली.

जूनपासून शाळा साडेदहाची झाली. त्याच्या आठवडाभर आधी मावशीने भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, धाकटीला हितं आनू का मी? कोपऱ्यात बसंल. तरास न्हाय द्यायची." धाकटीची अंगणवाडी दुपारी खाऊ देऊन मुलांना घरी पाठवायची, आणि थोरली आता आठवीत, पाचपर्यंत शाळेत.

मला तेव्हाच 'आण' म्हणता आलं असतं. दोन अक्षरं, एक आ, एक ण. पण आम्ही नुकता हॉल रंगवला होता. लेकीला सारखा खोकला असायचा. आणि मनात आलं, दोन मुली असल्या की हिचं लक्ष माझ्या लेकीवर राहणार नाही. हेच मनात आलं, आता लपवून काय करू. मी म्हटलं, "बघते."

'बघते' हा माझ्या तोंडातला निरंक. मावशीला तो बरोबर कळला. तिने परत विचारलं नाही.

तिने धाकटीला शेजारणीकडे ठेवली. चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी शेजारीण पाणी भरायला गेली आणि पोर चालत चालत हमरस्त्यावर पोचली. एका फळवाल्याने उचलून आणली म्हणून बरं. मावशीने मला हे दोन दिवसांनी सांगितलं, पोळ्या लाटता लाटता. मी "अगं बाई!" म्हटलं, अगदी मनापासून म्हटलं. आणि तरीही माझ्या तोंडून 'आण तिला' निघालं नाही. आजही मला कळत नाही, का. जीभ अशी कशी अडते माणसाची?

त्या दिवसापासून थोरली शाळेत आली नाही.

एखादं मूल सतत गैरहजर राहिलं की शिक्षकाने घरी जाऊन चौकशी करायची, असा नियम आहे. मला कुठे जायची गरजच नव्हती. तिची आई रोज माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. मी विचारायचे, "येतेय का गं ती?" मावशी म्हणायची, "यंल बाई, थोडं दिस जाऊ दे." आम्ही दोघीही एकमेकींना फसवत होतो, आणि माझी लेक मध्ये बसून भात खात होती. सकाळी मी तिची वेणी घालायचे. छान घट्ट वेणी. हातात रिबीन असताना रोज थोरलीची आठवण यायची, आणि रोज मी ती झटकायचे.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मी मन घट्ट केलं. नवऱ्याशी बोलले, रंग गेला चुलीत म्हटलं, आणि मावशीला सांगितलं, "सुट्टीनंतर धाकटीला घेऊन ये. थोरलीला शाळेत पाठव."

मावशी हसली. रागाने नाही, अगदी मायेने. मला अजून ते हसू नको वाटतं.

"आता कशाला बाई. थोरलीला काम भेटलं. टावरमदी, एक पोर सांभालाचं. ती मानसं बोलली, भैनीला बी आन, आमच्या पोरीला खेलाला होईल."

मी जे चार महिने बोलू शकले नाही, ते कुठल्या तरी अनोळखी घराने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. बाहेर आले तेव्हा मावशीने विचारलं, "चा ठेवू?" मी हो म्हटलं.

नंतर मी खटपट केली. केली म्हणजे काय, थोरलीला दोनदा बोलावून समजावलं, पुस्तकं पाठवली. ती आली, मान डोलावली, गेली. कागदावर मात्र ती शाळेतच होती. नाव कमी करता येत नाही, नापास करता येत नाही, त्यामुळे ती घरी बसून आठवी पास झाली. तिचा दाखला न्यायला कोणी आलं नाही. वर्षभराने मावशीने माझ्याकडचं काम सोडलं आणि माझी बदली दुसऱ्या शाळेत झाली.

गेल्या महिन्यात आम्हा शिक्षकांना घरोघरीच्या पाहणीचं काम आलं. घरात अठराच्या आतली मुलं किती, कुठल्या शाळेत, शाळेआधी नि शाळेनंतर कोण सांभाळतं, शाळाबाह्य कोणी आहे का. यावरून म्हणे पुढच्या शाळांचं आणि पाळणाघरांचं नियोजन होणार आहे. माझ्या वाट्याला पेणकरपाडा आणि त्याला लागून उभे राहिलेले टॉवर आले. पाड्यात मावशीच्या खोलीला कुलूप होतं. तीनदा गेले, तिन्ही वेळा कुलूप. शेवटी फॉर्मवर 'घर बंद' लिहिलं.

मग टॉवर. सातव्या मजल्यावर बेल वाजवली आणि दार थोरलीने उघडलं.

सोळा वर्षांची झालीय आता. उंच. कडेवर कोणाचं तरी गुबगुबीत पोर. मला बघून तिचा चेहरा असा फुलला, की मी दाराची चौकट धरली.

"बाई! या ना. घरातले सगळे कामावर गेलेत." पाणी दिलंन. धाकटी दुसरीत आहे म्हणाली, माझ्याच जुन्या शाळेत. "तिला मीच सोडते, मीच आणते. मॅडमनी तशी सवलत दिलीय."

मी चष्मा शोधत होते. सापडेना. तिने पोराला खाली ठेवलं, माझ्या हातातून पॅड घेतलं. "द्या, मी लिहिते. तुमचं अक्षर कुणाला लागतं?" आणि हसली. ती एकेक रकाना भरत गेली. मुलं दोन. मोठी मुलगी इंग्लिश शाळेत. शाळेनंतर कोण सांभाळतं, तिथे लिहिलं, 'कामवाली मुलगी'.

शाळाबाह्य मुलांच्या रकान्याशी आली तेव्हा मी तिचा हात धरला. "थांब. तुझं नाव लिही इथे."

"माझं कसं बाई? मी इथे राहत नाही."

"पाड्यात गेले होते मी. तीनदा. कुलूप होतं."

"दिवसा कुलूपच असतं." ती अगदी सहज म्हणाली.

या घरात ती राहत नव्हती आणि त्या घरात ती कधी सापडणार नव्हती. मी काहीतरी बोलायला गेले, माफी मागायची होती मला, चार वर्षं पाठ केलेली. तिने माझा हात हळूच बाजूला केला. "रिकामं ठेवायचं नसतं ना बाई," म्हणाली, आणि लिहिलं, 'निरंक'. तेच उभं, ठाम अक्षर, कुठे खाडाखोड नाही.

मग कागद फिरवून माझ्यापुढे ठेवलान. मी खाली सही केली.